रॉडखाली जाताना मागे तू नाहीस

नरसू,

तू गेल्यापासून मी जिमच्या दारापर्यंत किती वेळा गेले आणि परत फिरले, ते विचारू नकोस. घरी दर वेळी नवं कारण दिलं. एकदा सांगितलं, दारात म्हशीएवढं कुत्रं आडवं पडलंय, त्याला ओलांडायला शिडी लागेल. एकदा सांगितलं, लाईट गेली आणि आत एवढा अंधार झाला की बायका एकमेकींचे दंड डंबेल समजून उचलत होत्या. सूनबाई म्हणाली, "आई, दुपारी चारला अंधार?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय, पत्र्याचं शेड हाय ते." ती गप्प बसली. तू बसली नसतीस. "मग ते कुत्रं कुणाचं होतं, अक्का?" एवढंच हळू आवाजात विचारलं असतंस, आणि माझं म्हशीएवढं कुत्रं तिथल्या तिथं उंदराएवढं झालं असतं.

म्हणून तुला तरी खरं सांगते. मला भीती वाटते. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. मंगळवेढ्याच्या गाडीतून दारुड्यांना कॉलर धरून उतरवलं, एकदा तर सात जणांना एका दमात. (तू विचारलं होतंस, "मग तिकिटं कुठल्या हातानं फाडलीस?") पण तो लोखंडी रॉड खांद्यावर घ्यायचा आणि मागे तू नसणार, हे मनात आलं की माझे पाय दारातच जड होतात. हे कुणाला सांगायचं? माझ्या तोंडून 'भीती' हा शब्द ऐकला तर लोकांना वाटेल म्हातारी नवीन गोष्ट सांगतेय.

आपली ओळख हाडांच्या डॉक्टरकडे झाली. बाकावर तू शेजारी बसली होतीस, बुटकी, अंगावर टॉवेलच्या कारखान्यातलं कापसाचं भुसकट, हातात पिशवी. डॉक्टरांनी आपल्या दोघींनाही सारखंच सांगितलं: हाडं ठिसूळ झालीत, पायांनी वजन उचलायला शिका, नाहीतर पडाल तेव्हा उठणार नाही. बाहेर येऊन मी म्हटलं, "माझी हाडं एवढी पोकळ झालीत बाई, वारं आलं की आतून बासरी वाजती." तू माझ्याकडं नीट बघितलंस आणि म्हणालीस, "वाजवून दाखव की." त्या दिवसापासून मी तुझी झाले.

तुला माहीत होतं मी का येते ते. आई मंद्रूपला अंगणातल्या पायरीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर ती बाजेवरून उठलीच नाही. तिची कूस बदलायला मी होते, माझा भाऊ होता, आणि तिचे डोळे होते, दाराकडं लागलेले. तिला भांडी घासायचा आवाज आला तरी ती म्हणायची, "माझं मला जाऊ दे." कुठं जायचंय ते कधी सांगितलं नाही. ही गोष्ट मी आजवर कधी फुगवून सांगितली नाही. फक्त तुला सांगितली, तीही जिममध्ये, रॉड ठेवायच्या रॅकच्या खांबाला टेकून, आणि तू त्यावर एकही प्रश्न विचारला नाहीस.

जिम म्हणजे तरी काय, तुमच्याच गल्लीतलं जुनं मागाचं शेड. माग विकले गेले, त्या जागी लोखंड आलं. वर पत्र्याच्या कैच्यांना अजून कापूस चिकटलेला. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली रॉड एवढा तापायचा की मी त्याच्यावर भाकरी भाजून खाल्लीय. बरं, नाही भाजली. पण भाजता आली असती.

व्यायाम शिकवणाऱ्या इरफान सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मौसी, उठाने की घाई नक्को. पहले रखने का सीखो." मला तो अपमान वाटला. तुला ते लगेच पटलं. आयुष्यभर घरात मागावर सुताचा बीम चढवताना बघितलेली तू. दोन माणसं तो जड रूळ उचलून आणायची, आणि एक बाजू आधी टेकली तर कापड तिरकं निघायचं. तू रॅकच्या खांबांवरची होलं खालून बोटानं मोजायचीस, एका खांबाची, मग दुसऱ्या खांबाची. डोळ्यांवर विश्वास नव्हता तुझा. रॉड टेकवायचे दोन्ही हुक सारख्याच उंचीच्या होलात आहेत हे बोटाला पटल्याशिवाय रॉडला हात लावू द्यायची नाहीस.

आणि हुकाची उंची! तिथंच आपलं महाभारत. मला हुक खांद्याबरोबर हवा. ऐटीत आत जायचं, टाचा उचलायच्या, रॉड सुटला की सगळ्या बायकांनी बघायचं. तू म्हणायचीस छातीच्या मध्यावर, हाताच्या एका वितीनं खाली.

"अगं, मी काय बुटकी हाय का? वाकून वाकून रॉड सोडवायचा म्हणजे निम्मी बैठक तिथंच झाली की!"

"जाताना तू राणी असतीस, अक्का," तू म्हणालीस. "येताना तुझा लगदा झालेला असतोय. तवा टाचा उचलणार हायस का तू? हुक जाणारीसाठी न्हाय लावायचा. परत येणारीसाठी लावायचा."

मी तोंड वाकडं केलं. पण त्या रात्री भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं, उभ्या जन्मात मी गाडीत चढणाऱ्यांकडं बघितलं, उतरणाऱ्यांकडं बघायचं काम दरवाजावर सोडलं.

रॅक जुना. हुक गंजून अडकलेला, दोघींनी मिळून तळव्यानं ठोकला तरच सुटायचा. म्हणून तुझ्या उंचीचं होल दोघींना चालवायचं ठरलं, कारण खालच्या हुकावर उंच बाईला ठेवता येतं, वरच्यावर बुटकीला येत नाही. याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून मी रोज नव्यानं भांडायचे.

रॉड मानेच्या मणक्यावर घ्यायचा नाही, खाली खांद्यांच्या मांसावर घ्यायचा, हेही तूच माझ्या पाठीवर बोट ठेवून दाखवलंस. "हितं. तुझ्या कंडक्टरच्या पिशवीचा पट्टा बसायचा ना, त्याच्या मागं." हात दोन्हीकडं सारखे. रॉडच्या बरोबर मध्याखाली डोकं. दोन्ही पाय रॉडखाली, एक पुढं एक मागं नाही. गुडघ्यांनी उचल, कमरेनं नाही. दोन पावलं मागं. बास. दोन्ही बाजूंना आडवे लोखंडी दांडे लावलेले, आपण बसलो त्याच्या जरा खाली, म्हणजे उठता आलं नाही तर रॉड त्यांच्यावर पडेल, आपल्यावर नाही. परत जाताना हुक शोधायचा नाही. सरळ चालत जायचं, रॉड दोन्ही खांबांवर टण् वाजेपर्यंत. मगच खाली हुकात.

आता त्या दिवसाचं काढू का? काढते. तू गेलीस म्हणून तो वाद मी सोडणार नाही.

तू रॉड उचललास. दोन्ही टोकांना वजनाच्या छोट्या थाळ्या होत्या. मी तुझ्या मागे उभी. आता तूच सांग, ज्या बाईनं जन्मभर स्टँडवर गाडी मागं घ्यायला लावली, तिच्यासमोर एखादी वस्तू मागं यायला लागली तर तिच्या तोंडून काय निघणार? माझा हात आपोआप वर गेला. "येऊ दे... येऊ दे... हां, येऊ दे..." आणि तू, माझी बाई, येत राहिलीस! दोन पावलं झाली, तीन झाली, आडव्या दांड्यांच्या बाहेर आलीस, डंबेल ठेवायच्या फळीला टेकायची वेळ आली. तेव्हा मी स्टँडवर गाडी थांबवायला ओरडायचे तसं ओरडले, "आन् दे!" तू थांबलीस. तिथंच बैठका मारल्यास, शहाणी! मग एवढ्या लांबून, थकून, परत रॅकपर्यंत. डावी बाजू हुकात बसली. उजवी बसली नाही.

ती उजवी बाजू खाली गेली तो आवाज मला अजून ऐकू येतो. आडव्या दांड्यानं रॉड झेलला. थाळी घरंगळत जाऊन पाण्याच्या टाकीला लागली. तू वाकून सुटलीस, केसालाही धक्का नाही. आणि तू वळून, अगदी शांतपणे, "थांब का म्हणाली न्हाईस, अक्का?"

"आगं, ड्रायव्हरनं आरशात बघायचं असतंय! सगळं कंडक्टरवर सोडायचं व्हय?"

"मला आरसा कुटाय?"

"मग माज्यावर कशाला भरवसा ठेवलास?"

तू नुसती हसलीस, आणि थाळी उचलायला गेलीस. मी अजूनही म्हणते, चूक तुझी होती. दोन पावलं म्हणजे दोन पावलं. मी काहीही ओरडेन.

पुढं ही गोष्ट सांगताना मी तुला दर वेळी थोडी लांब नेत गेले. आधी भिंतीपर्यंत, मग दाराबाहेर, मग रॉड खांद्यावर घेऊन तू रिक्षावाल्यांना बाजूला सारत हायवेला लागलीस, आणि शेवटी अक्कलकोट. तू ऐकायचीस आणि विचारायचीस, "दर्शन घिऊन आले का तशीच परत?" बायका पोट धरून हसायच्या. मीही हसायचे. पण मी गोष्ट का ताणत होते, ते तुला कळलं होतं का? अक्कलकोटपर्यंत नेली की ती गंमत होते. त्या फळीपर्यंतच ठेवली की माझ्या अंगावर काटा येतो.

शेवटच्या दिवशीही आपण हुकावरूनच भांडलो. मी म्हटलं, "उद्या मी हुक वर घेणार म्हंजे घेणार." तू चपला घालत होतीस. "घे की. एकटीनं निघतोय का बघ." झालं. एवढंच. दुसऱ्या दिवशी तू जेवलीस, जरा आडवी झालीस, आणि उठलीच नाहीस. काय म्हणायचं गं अशा शेवटच्या बोलण्याला? शाप म्हणायचा की आशीर्वाद? मी वाट बघत जिममध्ये उभी होते. तुला उशीर का झाला म्हणून मनात शिव्या देत होते. तेव्हा तू नव्हतीसच.

तुझ्या घरी बसायला आलेल्या बायकांत आपल्या बॅचची सुनंदाबाई होती. तीच ती, सायकलवर बसून मोबाईल बघणारी. रॉडला कधी शिवलेली नाही. तुझ्या सुनेसमोरच म्हणाली, "ह्या वयात असली वजनं उचलायची म्हंजे... छातीच फुटली असंल हो." डॉक्टर सांगून गेले होते की हृदयाची नस बंद झाली, जुनंच दुखणं, वजनाचा काही संबंध नाही. पण असं वाक्य एकदा घरात आलं की जात नाही. मी तिथंच तिला दोन शब्द सुनवायला हवे होते. सुनवले नाहीत. कारण माझ्याच छातीत ते वाक्य शिरलं होतं. तेव्हापासून जिना चढताना हात छातीवर जातो. ठोका जरा चुकला वाटलं की मी रेलिंग धरून उभी राहते आणि खालून कुणी आलं तर म्हणते, हवा खातेय. बॅचमधल्या निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. उरलेल्या चालायच्या मशीनच्या पट्ट्यावर हळूहळू चालतात आणि कोपऱ्यातल्या रॅककडं असं बघतात, जसं विहिरीकडं बघावं, जिच्यात कुणी गेलंय.

दोन्ही बाजूंनी भीती, नरसू. रॉडखाली गेले तर तुझ्यासारखी, नाही गेले तर आईसारखी.

परवा मी जमिनीवर बसून शेंगा निवडत होते. उठायला गेले आणि उठता आलं नाही. गुडघे काही बोलेनात. बाजेच्या पायाला धरलं, सरकले, पुन्हा बसले. सूनबाईनं स्वयंपाकघरातून बघितलं आणि काही न बोलता येऊन हात पुढं केला. चांगल्या मनानं. पण तो हात बघितला आणि मला आईची बाज दिसली. मी तिचा हात धरला, उठले, आणि म्हटलं, "मुंग्या आल्या होत्या. एवढ्या मुंग्या, वारूळच झालं होतं." ती हसली नाही.

काल गेले मग. कुत्रं नव्हतं. लाईट होती.

रॅकपाशी गेले. हुक तुझ्याच होलात. तुझ्याशी भांडण होतं ना, म्हणून आधी तळव्यानं ठोकून बघितला, वर घ्यायला. हलला नाही. पुन्हा ठोकला. हात लाल झाला. बरं बाई, तू जिंकलीस. मग मी तुझ्यासारखी बोटानं होलं मोजली, एका खांबाची, दुसऱ्याची. सारखी. आडवे दांडे खाली घेतले, बसून बघितलं, बरोबर. थाळी एकही नाही, नुसता रॉड. हात सारखे ठेवले. डोकं मध्ये. पिशवीच्या पट्ट्याच्या मागच्या मांसावर घेतला. दोन्ही पाय खाली. वाकले, गुडघ्यांनी उचलला. एक पाऊल. दुसरं.

आणि थांबले.

खाली जायला पाय तयार नव्हते, पुढं जायलाही. नुसता रॉड, थाळी नाही, पण तुला सांगते, त्याच्यावर दोन एसटी लटकल्यासारख्या वाटल्या, प्रवाशांसकट, आणि हे मी वाढवून सांगत नाही. मागे कुणी नव्हतं. मागे उभी असताना तू कधी बोलायची नाहीस, तरी मागे कुणी न बोलणं आणि मागे कुणी नसणं यात केवढं अंतर आहे ते मला तिथं कळलं. छातीत धडधड. ही धडधड कसली? श्रमाची, की तुझीवाली? घाम भुवईतून डोळ्यात उतरला. पुसायला हात मोकळा नाही. समोरच्या भिंतीला एक चीर गेलीय, तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता मी अशीच उभी राहणार, संध्याकाळपर्यंत, लोक येतील, माझ्याभोवतीनं झाडून काढतील.

मग माझ्या तोंडून ते निघालं, जे सगळ्या आयुष्यात निघालं नव्हतं.

"कुणीतरी मागं या गं!"

सायकल थांबल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज. आणि मागून सुनंदाबाईचा, घोगरा, "आले. आले हो. काय करायचं असतंय मी?"

"काय न्हाय. हात माज्या कमरंपाशी धरा. लावू नका, नुसतं धरा. मी वर येत न्हाय असं वाटलं तर वर ओढा."

"आन् मला जमलं न्हाय तर?"

"तर आडवे दांडे हायत."

"तुमाला काय झालं तर?"

"सुनंदाबाई," मी म्हटलं, "गप ऱ्हावा. ती बोलत नव्हती."

मी खाली गेले. दांड्याच्या जवळ, तू सांगायचीस तिथपर्यंत. खाली क्षणभर काहीच नव्हतं, ना आवाज, ना छाती. मग टाचा दाबल्या. वर आले का ते विचारू नकोस, हे लिहितेय म्हणजे आलेच असणार. पुढं चालले, रॉड दोन्ही खांबांवर टण् वाजला, मग खाली हुकात ठेवला.

वळून बघितलं तर सुनंदाबाई पांढरीफटक. वर येताना मी जरा डगमगले होते म्हणे, तिनं कमरेला धरलं. मला ते कळलं होतं, कारण कुडत्यातून तिचे हात बर्फासारखे लागले. पत्र्याखाली एवढं उकडत होतं, आणि तिचे हात गार. मी रॉडखाली होते, पण घाबरली होती ती. ती बाजूच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मागं उभारणं लई वंगाळ हाय हो. तुमचं निदान लक्ष वजनात असतंय."

तिला पाणी दिलं. घरी आले. तेव्हापासून एकच गोष्ट मनातून जात नाही.

इतके दिवस तू माझ्या मागे उभी राहिलीस. माझ्या खांद्याएवढी तू, आणि मी धिप्पाड, रोज एक थाळी जास्त लावणारी, कुणाचं न ऐकणारी. मी कोसळले असते तर तू काय धरणार होतीस? तुला ते माहीत होतं. तरी रोज उभी राहिलीस, एक शब्द न बोलता. तुझे हात कधी गार नव्हते, नरसू. की असायचे, आणि माझ्या बडबडीत मला ते कधी लागलेच नाहीत?